हल्ली कशानं बरं वाटतं? मापासकट सांगा

मोगरकळी (धागाकर्ती)

इंदुरात पाऊस उतरणीला लागलाय, हरतालिका-गणपती तोंडावर आलेत. या दिवसांत घरच्या घरी होणारी आणि झाल्यावर दिवस बरा जाणारी छोटी छोटी कामं इथे लिहूया. गजरा, मेंदी, पुस्तकं, पेन, पोहे, काहीही चालेल. अट एकच. 'मला अमुक फार आवडतं' एवढ्यावर थांबायचं नाही. आजी, अंगण आणि आठवणी यांच्यासाठी दुसरे धागे भरभरून वाहताहेत. इथे माप, वेळ आणि घोळ कुठे होतो ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला संध्याकाळी करून बघता येईल.

सुरुवात गजऱ्यापासून करते. कळ्या दुपारी चार ते सहाच्या दरम्यान खुडा. पांढरी, टपोरी, पण मिटलेली कळी हवी. हिरवट कळी उमलतच नाही आणि सकाळी खुडलेलं फूल रात्रीपर्यंत लोळतं. देठ अर्धा सेंटीमीटर तरी राहू द्या, कारण गाठ देठावर बसते, पाकळ्यांवर नाही.

सुईत ओवलेला तो सर, गजरा नव्हे. गजऱ्याला सुई लागत नाही. सुती दोरा पाण्यातून काढून निथळवून घ्या. कोरडा दोरा देठ कापतो. दोन कळ्या डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, देठ मध्ये एकमेकांवर आडवे. दोऱ्याचा एक वेढा देठांभोवती, मग बोटावर फास करून तो डावीकडच्या जोडीच्या डोक्यावरून आत घालायचा आणि दोरा खाली ओढायचा. पुढच्या चार कळ्या या गाठीला अगदी खेटून. ओढताना देठ 'चर्र' वाजला तर जास्त ओढलंत, तासाभरात त्या कळ्या गळणार. गाठ बोटानं सरकली तर सैल आहे. वीतभर गजऱ्याला शंभर-सव्वाशे कळ्या धरा.

झालेल्या गजऱ्यावर पाणी शिंपडू नका, सगळी गंमत तिथेच जाते. ओल्या पाकळीला तपकिरी डाग पडतात. मलमलचं फडकं भिजवून घट्ट पिळायचं, त्यात गजरा गुंडाळून डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये, फ्रीझरपासून लांब. माळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.

वरणफळ

ताई, वाचनखूण साठवली. पण कळ्या आणायच्या कुठून? कुंडीतला मोगरा नुसता पानांनी माजलाय. फूल एक नाही. खालची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या.

काळी_माती

वरणफळ, तुमच्या तीन ओळींत तीन वेगळी दुखणी आहेत.

पानं माजली म्हणजे एक तर ऊन कमी, नाही तर नत्र जास्त. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. गॅलरीतलं 'उजेड भरपूर आहे' हे ऊन नव्हे. आणि शेणखत, युरिया, भाज्यांचं पाणी असं सगळं एकाच वेळी घालत असाल तर झाडाला फुलायची गरजच उरत नाही.

दुसरं, छाटणी. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो. जुनी काडी जपून ठेवलीत की झाड जगतं, पण फुलत नाही. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडा, मग सगळ्या काड्या एक तृतीयांश छाटा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा आणि त्यानंतर खत-पाणी सुरू करा. इंदूरच्या उन्हात मार्चअखेर-एप्रिलपासून कळ्या धरतात. एक बहर संपला की सुकलेल्या फुलाखालची दोन पेरं कापा, म्हणजे पुढचा बहर लवकर येतो. आत्ता मोठी छाटणी नको, नुसती सुकी टोकं काढा.

तिसरं, पिवळं पान आणि हिरव्या शिरा. कोवळ्या पानावर असेल तर ती लोहाची कमतरता. माळव्याच्या काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. माती आणि बोअरचं पाणी दोन्ही अल्कधर्मी, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा उपयोग शून्य. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, मिळतं, एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. कुंडीला शक्य तर नर्मदेचं (नळाचं) किंवा पावसाचं पाणी द्या. तुम्ही म्हणता तशी खालची, जुनी पानं पिवळी असतील आणि शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम कमी आहे. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), लिटरला एक चहाचा चमचा, मातीत. खालचं पान शिरांसकट सगळंच पिवळं पडत असेल तर आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते बघा.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना चिखल, वाळली की वीट. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कुंडी बारा इंची तरी हवी.

आणि हे दिवस कलमाचे आहेत, ते सोडू नका. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, बोटभर लांब काडी, खालचा काप पेराच्या लगेच खाली, वर दोनच पानं. ओल्या वाळूत खोचून सावलीत. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. रोज उपटून बघणाऱ्यांची धरत नाहीत.

वरणफळ

रोज उपटून बघते हे तुम्हाला कसं कळलं, काका 😄

रंगला_हात

मोगरकळीताई, हरतालिकेच्या मेंदीचं मी लिहिते. बाजारातला कोन घेऊ नका, इथूनच सुरुवात. तासाभरात गडद रंग देणारा किंवा महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर टिकणारा कोन म्हणजे आत मेंदीशिवाय काहीतरी आहे. 'काळी मेंदी' तर नकोच. तिच्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं फोड येतात, डाग राहतात आणि पुढे जन्मभर केसांच्या डायची ॲलर्जी जडू शकते.

साहित्य: हातावर काढायची बारीक मेंदी पावडर १०० ग्रॅम, पिठीसाखर ३० ग्रॅम, नीलगिरी किंवा टी-ट्री तेल ३० मिली, लिंबाचा रस आणि पाणी मिळून अडीचशे मिलीच्या आसपास. राजस्थानात पाली जिल्ह्यात सोजत आहे, तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुडीवर नाव काहीही असो, पावडर हिरवी आणि वास ताज्या गवतासारखा हवा. तपकिरी पडली असेल तर रंग आधीच उडालाय. केसांसाठीची जाडी मेंदी कोनात अडकते, ती घेऊ नका.

पावडर मलमलीतून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळा. एक काडी राहिली तरी नेमकी नवरीच्या नखाशी अडकते. आधी साखर, मग तेल, मग रस थोडा थोडा. आधी मळलेल्या कणकेइतकं घट्ट ठेवा, वर प्लॅस्टिक चिकटवून झाका. हल्लीच्या हवेत आठ ते बारा तास लागतात. मे महिन्यात पाच-सहा तासांत होते. तयार झाली का हे घड्याळावर ठरवू नका. वरचा थर तपकिरी आणि आत हिरवं दिसलं, की वाटाणाभर मेंदी तळव्यावर पाच मिनिटं ठेवा. पुसल्यावर केशरी ठिपका राहिला तर तयार. मग उरलेला रस घालून दह्याइतकी पातळ करा आणि कोनात भरा. चमच्यावरून रेशमासारखी न तुटता धार पडली पाहिजे. तुटत असेल तर पाच-दहा ग्रॅम साखर आणखी घालून दोन तास थांबा.

मेंदीतला रंग देणारा पदार्थ लॉसोन. तो आंबट पाण्यात हळूहळू सुटतो आणि सुटला की दोन-तीन दिवसांत मरतोही. म्हणून आदल्या आठवड्यात भिजवून ठेवलेली मेंदी फिकी रंगते. जास्त केली असेल तर तयार झाल्या दिवशीच कोन फ्रीझरमध्ये टाका, काही महिने टिकतात.

हातावर सहा ते आठ तास. वाळली की लिंबू-साखर बोटानं टेकवायची, चोळायची नाही, आणि दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नाही. लिंबू जास्त झालं की त्वचा वाळून रंग तडकतो. खरवडून काढा, धुऊ नका. बारा तास तरी पाणी नको. काढल्यावर रंग नारिंगी असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हवेशी मिळून ४८ तासांत तपकिरी होतो. म्हणजे हरतालिकेला गडद हवी असेल तर दोन दिवस आधी काढा. तळव्यावर रंगते तशी मनगटावर रंगत नाही, कारण तळव्याची कातडी जाड. यात 'सासूचं प्रेम' वगैरे काही नाही.

एक इशारा. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी कमतरता (तांबड्या रक्तपेशींतल्या एका विकराची जन्मजात कमतरता) असेल तर मेंदी अजिबात नको, अगदी शुद्ध मेंदीनंही रक्तपेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळांना तर काढूच नका. आणि नीलगिरी तेल लहान मुलांसाठी किंवा गरोदर बाईसाठी घालू नका, तेल वगळून नुसत्या पाणी-लिंबात भिजवा. रंग थोडा हलका येईल.

तुपाची_धार

लोखंडी कढईत भिजवली तर काळी रंगते ना?

रंगला_हात

वहिनी, ते केसांसाठी. लोखंडानं मेंदीचा लगदा काळा दिसतो, हातावरचा डाग नाही. हाताच्या मेंदीला काच किंवा स्टील.

खजुरीचा_गिऱ्हाईक

पुस्तकांवर लिहितो. इंदूरच्या खजुरी बाजारातून जुनी पुस्तकं उचलणाऱ्या सगळ्यांना याची गरज पडते, आणि बहुतेक सगळे पहिली चूक सेलोटेपनं करतात. सेलोटेपचा गोंद चार-पाच वर्षांत पाझरतो, पिवळा होतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फेव्हिकॉल पुठ्ठ्याच्या कण्याला ठीक, पानाला नाही. वाळला की कडक होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. पुढे कुणाला नीट दुरुस्त करायचं असेल तर ती वाटच बंद.

पानाला लागते गव्हाची खळ. आणि ती आपल्याकडे दर उन्हाळ्यात होते! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो, तोच निव्वळ स्टार्च. वरचं पाणी ओतून टाकलं की खालचा पांढरा घट्ट थर एक वाटी घ्या, मीठ-हिंग पडायच्या आधी. चार वाट्या पाण्यात कालवून मंद आचेवर दहा मिनिटं सतत ढवळा. दुधाळपणा जाऊन काचेसारखा झाला की उतरवा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. साईइतका दाट हवा. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो, आंबूस वास आला की टाकून द्या. चीक नसेल तर मैदा एक चमचा, पाणी पाच चमचे, तशीच शिजवा. पण मैद्यात प्रथिनं असतात, त्यामुळे ती खळ लवकर पिवळी पडते आणि किड्यांना जास्त आवडते.

सुटलेलं पान बसवायचं असं. पानाच्या आतल्या कडेपासून तीन मिलिमीटर सोडून वर एक कोरा कागद ठेवा, म्हणजे तीन मिलिमीटरचीच पट्टी उघडी राहील. तिच्यावर चपट्या ब्रशनं खळ, आतून बाहेर. कोरा कागद उचला, पान पुस्तकात सरकवा, वरची कड शेजारच्या पानाशी जुळवा. दोन्ही बाजूंना बटर पेपर, पुस्तक मिटा, वर वजन, रात्रभर. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट छान काम करते. लोक घाई करतात ती इथे. अर्ध्या तासानं उघडून बघितलं की पान तिरकं बसतं आणि तिरकंच वाळतं.

फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी. जपानी टिश्यू मिळाला तर उत्तम. वाचायच्या साध्या प्रतीला पांढरा पतंगी कागद चालतो. रंगीत नको, ओल लागली की रंग फुटतो. दुर्मिळ प्रतीला पतंगी कागदही नको, त्यात आम्ल असतं. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं कागदावर रेघ ओढा आणि त्या रेघेवर हातानं फाडा. कडेला तंतू सुटे राहतात, ते पानात मिसळतात. कात्रीची सरळ कड पुढे पानाला नवी चीर पाडते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. कागदाला तंतूंची दिशा असते. पट्टी दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून बघा. ज्या दिशेची घडी सहज वळते, तंतू त्या घडीला समांतर असतात. ते कण्याला समांतर जातील अशी पट्टी लावा. आडवी लावली की पान वाळताना पापडासारखं वर उठतं.

जुनी_इंदूरकर

खळ लावली की कसर येणारच. पावसाळ्यात आधीच कपाटात चंदेरी किडे फिरताहेत.

खजुरीचा_गिऱ्हाईक

काकू, मुद्दा रास्त आहे. स्टार्चचा वास त्यांना ओढतोच, पण त्यांना ओल जास्त लागते. कपाटात दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली ठेवला तर बुरशीही धरत नाही आणि चंदेरी किडेही वाढत नाहीत. छोटा दमटपणा-मापक मिळतो, कपाटात ठेवा, अंदाज बांधत बसू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं खच्चून भरू नका. काचेचं दार पाऊस नसलेल्या दुपारी तासभर उघडं ठेवा, पाऊस पडत असताना नव्हे.

कडुनिंबाची पानं पूर्ण वाळवूनच. ओली पानं ठेवलीत तर ओल तुम्हीच आत नेलीत. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. सिलिका जेलच्या पुड्या घ्यायच्या तर नारिंगी रंगाच्या, निळ्यांत कोबाल्ट असतं. रंग उतरला की मंद ओव्हनमध्ये तासभर वाळवून पुन्हा वापरता येतात.

आधीच कीड लागलेलं पुस्तक: घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा आणि फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशाला, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडलीत की थंड पानांवर बाहेरच्या हवेचं पाणी सुटतं आणि किडीच्या जागी बुरशी येते. कातडी बांधणी आणि फोटो फ्रीझरमध्ये घालू नका.

शाईचा_डाग

दोन ओळींत खूप आनंद असलेली गोष्ट: शाईचं पेन. आणि त्याचं इंदुरातलं एकमेव दुखणं: बोअरचं पाणी. त्यातला चुना निबेच्या चिरेत बसतो आणि पेन एक दिवस 'आटतं'.

धुताना साधं गार किंवा कोमट पाणी. कन्व्हर्टर (पेनातला शाई ओढायचा पंप) भरा-सोडा, भरा-सोडा, पंधरा-वीस वेळा. पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी पाच वेळा जास्त. मग शेवटचं पाणी डिस्टिल्ड. बॅटरीत घालायचं मिळतं तेच. शाई वाळून बसली असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, निबेकडचा भाग रात्रभर बुडवा. उकळतं पाणी नको, स्पिरिट तर अजिबात नको, प्लॅस्टिक आणि एबोनाइट दोन्ही खराब होतात. मग निब खाली करून टिश्यूवर उभं ठेवा, टिश्यू पाणी ओढून घेतो. चित्रकलेची काळी इंडिया इंक पेनात कधीही घालू नका. तिच्यात लाख असते, ती वाळली की पेन फेकायचंच.

आयड्रॉपर पेन, म्हणजे ज्याच्या सबंध पोटातच शाई भरतात ते, खिशात टपकतं अशी तक्रार हमखास येते. कारण सोपं आहे. शाई पाव भागावर आली की उरलेल्या जागेत हवा भरते. हाताच्या उष्णतेनं ती फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. मे महिन्यात हे जास्त होतं. उपाय दोनच: पाव भाग उरला की भरून टाका, आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीस, मोहरीच्या दाण्याएवढंच. व्हॅसलीन लावू नका, रबरी वॉशर फुगतात.

शाई कागदावर पसरते तो दोष बहुधा पेनाचा नसतो. स्वस्त वहीच्या कागदाला खळ कमी असते. दुकानात कोपऱ्यात एक जाड ठिपका द्या, दहा सेकंद निब टेकवून. कडा मुळांसारख्या फुटल्या तर ती वही बॉलपेनसाठी.

पोहे_वाफवा

पोह्यांवर रुमाल टाकून ठेवतो, रात्री लिहितो.

मोगरकळी

टाका. तोवर कुणी महेश्वरी साड्यांचं लिहील का? गौरींना कपाटातून निघतील.

ताणा_बाणा

थोडक्यात लिहिते. आधी साडी ओळखा. ताणा रेशमी आणि बाणा सुती ही नेहमीची महेश्वरी. पदराच्या आत, जिथे दिसणार नाही तिथे, ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबा. फडक्याला रंग आला तर घरी धुऊ नका. नाही आला तर गार पाणी, सौम्य साबण, दोन मिनिटं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मिठाच्या पाण्यात बुडवल्यानं रंग पक्का होतो ही समजूत आहे. सुटणारा रंग मीठ थांबवत नाही. वाळवायची सावलीत. इस्त्री उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड.

किनार दोन्ही बाजूंनी नेसता येते हा तिचा मोठा गुण. त्यामुळे एकच कड पायाशी घासू देऊ नका, आलटून पालटून नेसा. ठेवताना मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. दर तीन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाही. अत्तर नेसण्याआधी लावा, जरीवर पडलं की ती काळवंडते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका.

खंड्या

इंदूरचा सिरपूर तलाव. २०२२ मध्ये यशवंत सागर आणि सिरपूर हे आपले दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आले. हिवाळ्यात बदकं येतील, तोवर दुर्बीण लावायला शिकून घ्या. दहातले आठ जण ती नीट न लावताच 'धूसर दिसतं' म्हणतात. ८×४२ (आठ पट, ४२ मिलिमीटरचं भिंग) घ्या. जास्त पटीची हातात हलते. आधी दोन नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जुळवा, एकच गोल दिसेपर्यंत. मग उजवं भिंग हातानं झाका, मधल्या चाकानं डाव्या डोळ्यानं पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाका आणि फक्त उजव्या नळीवरचं कडं फिरवा. मधलं चाक हलवायचं नाही. ते कडं एकदाच लावायचं, त्या खुणेवर बोट ठेवा आणि आकडा लक्षात ठेवा. चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबा.

सकाळी साडेसहाला ऊन नाही म्हणून सनस्क्रीन टाळू नका, नऊपर्यंत तिथेच असता. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी-मधल्या बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, निघण्याआधी पंधरा मिनिटं. दर दोन तासांनी पुन्हा. वाटाणाभर लावून 'पन्नास एसपीएफ आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

पोहे_वाफवा

आलो. इंदुरी पोहे आणि पुण्याचे कांदेपोहे यांत भांडण लावायचं नाही. दोन वेगळे पदार्थ आहेत. आपल्याकडे कांदा शिजत नाही, वरून कच्चा पडतो, आणि पोहे परतायचे नसतात, वाफवायचे असतात. ठेल्यावर खाली उकळतं पाणी असतं ते याचसाठी.

चौघांना: जाडे पोहे पाव किलो, चाळणीत नळाखाली दोनदा धुऊन दहा मिनिटं निथळू द्या. भिजत ठेवायचे नाहीत. पातळ पोहे घेतलेत तर लगदाच होणार, त्याला इलाज नाही. निथळलेल्या पोह्यांतच हळद अर्धा चमचा, मीठ एक चमचा, साखर दोन चमचे. हळद फोडणीत टाकली की जळते आणि रंग मातकट येतो. फोडणी: तेल दोन मोठे चमचे, मोहरी एक चमचा, बडीशेप दीड, भरड धणे एक, चार हिरव्या मिरच्या, कढीलिंब. ही फोडणी पोह्यांवर ओतून हलक्या हातानं मिसळा. आता कढईत पाणी उकळा, वर चाळणीत पोहे, झाकणाला फडकं बांधा. नाहीतर झाकणाचं पाणी पोह्यांवर टपकून मध्ये गोळे होतात. आठ मिनिटं. वरून कच्चा कांदा, रतलामी सेव, थोडी नुक्ती, डाळिंब, कोथिंबीर, लिंबू. आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला.

जीरावन विकत आणता येतं, पण घरचा वास वेगळा. धणे ४० ग्रॅम, जिरे ३०, बडीशेप १०, सुक्या लाल मिरच्या १०, मिरे ५, सुंठ ५, लवंगा आठ-दहा, दालचिनी दोन बोटं, तमालपत्र दोन, पाव जायफळ. सुंठ-जायफळ सोडून बाकीचं मंद आचेवर एकेक वेगळं भाजा. जिरं आणि धणे एकत्र भाजले की जिरं करपेपर्यंत धणे कच्चेच राहतात. पूर्ण गार करा, सुंठ-जायफळ घालून दळा. मग आमचूर २५ ग्रॅम, काळं मीठ १५, साधं मीठ १०, हळद एक चमचा, हिंग अर्धा. मसाला कोमट असताना आमचूर-मीठ घातलं की ओल सुटते आणि आठ दिवसांत बरणीत ढेकूळ. पावसाळ्यात इतकंच करा, किलोभर नको.

तुपाची_धार

नुक्ती म्हणजे बुंदी ना? आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना कळलं नाही.

पोहे_वाफवा

हो, बुंदीच. पोह्यांवर गोडातली बारीक टाकतात. मुठीनं नाही, चिमटीनं.

वरणफळ

खजुरीदादा, एक राहिलं. घरात आत्ता चीक नाही, कुरडया मात्र डबाभर आहेत. त्या भिजवून खळ होईल का?

खजुरीचा_गिऱ्हाईक

नाही हो. त्यात मीठ, हिंग, बहुधा पापडखारही आहे. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, पान कायम दमट राहील. त्यापेक्षा दोन वाट्या मैद्याची कणीक घट्ट मळा, अर्धा तास ठेवा आणि पातेलीभर पाण्यात पिळून पिळून धुवा. हातात चिवट गोळा उरेल, तो बाजूला काढा. पाणी गाळून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं ओता, तळाशी पांढरा थर बसलेला असेल. तोच तुमचा चीक.

वरणफळ

आणि तो चिवट गोळा?

खजुरीचा_गिऱ्हाईक

वाफवून तुकडे करा आणि रस्स्यात सोडा. पुस्तकाला नको.